एका मापाच्या दोन जावा

आमच्या मोठ्या वहिनीला लोक टेपबाई म्हणतात. तिच्या माघारी, अर्थात. तोंडावर म्हणायची कोणाची टाप नाही. गळ्यात टेप नसलेली ती कोणी पाहिलेलीच नाही. जेवायला बसते तेव्हाही टेप गळ्यात असतो आणि त्याचं एक टोक हमखास आमटीत बुडतं. मग ती ते टोक पुसते आणि माझ्याकडे असं बघते, जणू मीच बुडवलं.

घराची पुढची खोली हे तिचं दुकान. दोन मशिनं, कापायचं लांब टेबल, इस्त्रीचा कोपरा, पडदा ओढून केलेली ट्रायल रूम आणि या सगळ्या पसाऱ्यात मी, तिची नणंद. काज-बटण, हातशिलाई आणि उसवायचं काम माझं. मी लग्न का केलं नाही हे विचारणाऱ्या गिऱ्हाइकाच्या कपड्याला मी बटणं जरा ढिली लावते. एवढं माझ्याबद्दल पुरे.

माप घेताना वहिनीची एक पद्धत आहे. कंबरेभोवती टेप आला की माणूस पोट आत ओढतो. बाई असो, बुवा असो, शाळकरी पोर असो, ओढतोच. वहिनी तशीच थांबते. एक शब्द न बोलता समोरच्याच्या तोंडाकडे बघत राहते, आणि तो लाल व्हायला लागला की म्हणते, "श्वास सोडा. टेपशी खोटं बोलून काय मिळणार? कपडा तुम्हाला घालायचाय, मला नाही." मग पोट सुटतं, आणि वहिनी आकडा मोठ्याने सांगते. मी तो पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लिहिते. दुकानात चार माणसं बसलेली असली तरी आकडा मोठ्यानेच. कितीतरी बायका या एका कारणावरून दुसऱ्या शिंप्याकडे गेल्या आणि कपडा बिघडला की परत आल्या.

फक्त स्वतःचं माप ती पडद्याआड घेते. आकडा मलाही सांगत नाही.

धाकटी वहिनी लग्न होऊन घरात आली तेव्हा मोठीने तिचं माप घेतलं. छाती, कंबर, खांदा, बाही, सगळे आकडे सांगितले आणि मग एकदम गप्प झाली. पुन्हा टेप लावून पाहिला. "अगं, आपण दोघी एका मापाच्या!" असं म्हणून ती जी हसली, तशी हसताना मी तिला फार थोड्या वेळा पाहिलंय. त्या वर्षी तिने दोघींत मिळून एक गरम कोट शिवला. गडद हिरवा, आतून रेशमी अस्तर, कॉलर अशी की कोणीही वळून बघावं. जी बाहेर जाईल तिने तो घालायचा. धाकटी वरच्या मजल्यावर राहते, पोस्टात काउंटरवर बसते, तेव्हा कोट जास्त तिच्याच अंगावर. पण जिन्याखालच्या खुंटीवर तो टांगलेला असायचा आणि येता-जाता मोठी त्याची बाही सरळ करायची. 'आमचा कोट' म्हणायची.

दोघींत आणखी एक गोष्ट सारखी निघाली, ती पित्ताशयाची. धाकटीचं लवकर निस्तरलं. एकदा असह्य कळ आली, तडक दवाखान्यात नेली, पिशवीत खडे निघाले आणि डॉक्टरांनी पिशवीच काढून टाकली. मोठीलाही पुढे तसाच त्रास झाला. उजव्या बरगडीखालून निघालेली कळ थेट पाठीत. सोनोग्राफीत खडे दिसले. आमचे घरचे डॉक्टर म्हणाले, काढून टाका. ही म्हणाली, हातातलं काम संपू दे. शिंप्याच्या हातातलं काम कधी संपतं का? पण कळ थांबली आणि हिने परस्पर निकाल देऊन टाकला, "विरघळले असतील." त्यानंतर खड्यांचं नाव काढलं की ती मशीन जोरात चालवायची, म्हणजे आपलं बोलणं ऐकू येऊ नये.

हे असं सगळं सुखाने चाललं असताना धाकटीची साखर वाढली. तिच्या डॉक्टरीणबाईंनी तिला ते आठवड्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन सुरू केलं, वजनही उतरवणारं. धाकटी आम्हाला जेवताना सांगत होती, "किती प्रश्न विचारले हो त्यांनी! जुन्या ऑपरेशनचे कागद आणायला लावले. रक्त तपासलं. आणि म्हणाल्या, डोस अगदी हळूहळू वाढवायचा, पोटात वरच्या बाजूला दुखलं, ताप आला, डोळे पिवळे दिसले तर लगेच यायचं." मोठीने तिच्या ताटात आणखी वाढलं. धाकटी म्हणाली, "नको ताई, जातच नाही." तो पहिला दिवस.

पुढच्या काही महिन्यांत काय झालं ते मी दुकानात बसून रोज बघत होते. धाकटी जिना उतरून यायची, हातावर कपड्यांचा ढीग. "ताई, जरा आत घ्याल?" मोठी गुडघ्यावर बसायची, तोंडात टाचण्या धरायची आणि कंबरेपाशी कापड चिमटीत पकडत जायची. तोंडात टाचण्या असल्या की माणसाला बोलता येत नाही, ते बरंच होतं. तिच्या मनात जे होतं ते बाहेर पडलं असतं तर वरचा आणि खालचा मजला कायमचा वेगळा झाला असता. महिन्याभराने धाकटी पुन्हा यायची. पुन्हा टाचण्या. स्वतःच्याच हाताने जावेला बारीक करत जायचं, तेही इतकं नेटकं की लोकांनी तिची वाहवा करावी, म्हणजे काय शिक्षा आहे बघा.

आणि वाहवा तर रोज. दुकानात आलेलं प्रत्येक गिऱ्हाईक म्हणायचं, "तुमच्या जाऊबाई काय छान दिसायला लागल्या!" मोठी म्हणायची, "हो ना," आणि कात्री जरा जास्तच आवाज करून टेबलावर ठेवायची. त्यात भर आमचे बंधुराज, म्हणजे मोठीचे यजमान. एकदा सगळे बसलेले असताना म्हणाले, "धाकटीला मी रस्त्यात ओळखलंच नाही. मला वाटलं, कॉलेजातली कोणीतरी." मोठीच्या अंगाचा तिळपापड झाला. भावाला तेव्हा कळलं नाही की आपण काय बोललो, आणि त्याला अजूनही कळलेलं नाही. खोटं कशाला बोलू, जळफळाट माझाही झाला. धाकटी जिना चढताना गुणगुणायला लागली होती. पूर्वी ती धापा टाकायची, तेव्हा मला फार आवडायची.

शेवटी मोठी मला घेऊन घरच्या डॉक्टरांकडे गेली. म्हणाली, "मलाही ते इंजेक्शन द्या."

डॉक्टरांनी चष्मा वर केला. "तुमच्या खड्यांचं काय झालं?"

"कसले खडे? किती वर्षांत दुखलं नाही."

"दुखलं नाही म्हणजे गेले असं नाही. वजन झपाट्याने उतरलं की पित्तात खडे आणखी होतात. शिवाय हे औषधही काही जणांच्या पित्ताशयाला त्रास देतं. आधी सोनोग्राफी करा, सर्जनना दाखवा, मग बघू."

"माझ्या जावेला कसं चाललं? तिलाही खडेच होते की!"

"अहो, तिची पिशवी काढलेली आहे. तुमची खड्यांसकट आत आहे. मी नाही म्हणत नाहीये. मी 'आधी' म्हणतोय."

बाहेर आल्यावर मोठी तरातरा पुढे चालत सुटली. कोपऱ्यावर वळताना एकदम म्हणाली, "बघितलंस? तिला हो, मला आधी. खडेसुद्धा तिचेच भाग्याचे!" मला हसू आलं. तिला नाही आलं.

त्याच आठवड्यात धाकटी कोट घेऊन खाली आली. "ताई, हा आता अंगावर नुसता लोंबतो. तुम्ही हल्ली घालतच नाही, तर आत घेऊन देता का?" तिने ते सहज म्हटलं. तिच्या मनात काही नव्हतं, हे मला तेव्हाही दिसत होतं. पण मोठीने कोट हातात घेतला तेव्हा तिचा चेहरा मी पाहिला. त्या एका मागणीने ती 'आमचा' या शब्दातून बाहेर पडली होती.

तिने कोट आत घेतला. कपडा आत घेतला तरी चांगला शिंपी जादा कापड कापत नाही. शिलाईच्या आत ते मार्जिन दुमडून ठेवतो, पुढेमागे माणूस भरला तर उसवून सैल करता यावं म्हणून. गिऱ्हाइकाने मागितलं तरी वहिनी मार्जिन कापत नाही, हा दुकानाचा नियम. संध्याकाळी झाडताना मला टेबलाखाली हिरव्या कापडाच्या लांब पट्ट्या मिळाल्या. मी त्या उचलून विचारलं, "वहिनी, हे काय?"

"कचरा," ती म्हणाली. "टाक."

मग मला काही नवीन गोष्टी दिसायला लागल्या. मोठीच्या ताटात भात तसाच राहायला लागला. तिचे स्वतःचे कपडे ढिले व्हायला लागले आणि ती दुपारी पडद्याआड जाऊन आकडा पुटपुटायला लागली. चेहरा उतरलेला, पण डोळ्यांत एक विजयी चमक. विचारलं तर म्हणायची, "भूकच नाही, उकाडा किती आहे." खिडकीबाहेर लोक स्वेटर घालून चालले होते. आणि फ्रिजमध्ये एके दिवशी मला बटणांचा डबा दिसला, लोणच्याच्या बरणीमागे दडवलेला. मी म्हटलं, "बटणं फ्रिजमध्ये?"

"मुंग्या लागतात."

"बटणांना?"

"तू तुझं काम बघ," असं म्हणून तिने फ्रिजचं दार माझ्या नाकासमोर लावलं. मी म्हटलं, वहिनीचं डोकं फिरलं असेल. शिंप्यांचं फिरतं कधी कधी.

नंतर तिच्याच तोंडून कळलं ते असं. बाजारापलीकडे एका नव्या क्लिनिकमध्ये ती एकटीच गेली होती. तिथल्या मुलीने समोर बसवून नीट विचारलं, पित्ताशयाचा त्रास होता का, कधी खडे निघाले होते का, स्वादुपिंडाला सूज आली होती का. वहिनी म्हणाली, नाही. पुन्हा विचारलं, नक्की? वहिनीने पाठ ताठ केली आणि म्हणाली, नक्की. मग काय, त्यांनी तिच्या शब्दावर विश्वास ठेवला. वर तिला जावेला गाठायचं होतं. धाकटी कितीतरी महिने पुढे होती. म्हणून हिने डोस सांगितल्याच्या आधीच वाढवला, दिवसभरात चार घास खायचे ते दोनावर आणले आणि तपासणीला बोलावलं तेव्हा गेलीच नाही. दर आठवड्याला पडद्याआड आकडा उतरत होता. तिला वाटलं, आपण जिंकत चाललो आहोत.

मध्ये दोनदा तिला बरगडीखाली दुखलं. ती इस्त्रीच्या टेबलावर हात टेकून उभी राहिली आणि म्हणाली, पित्त झालंय. कोणाला सांगायचं? सांगितलं तर इंजेक्शन बंद. इंजेक्शन बंद म्हणजे धाकटी पुढे.

एका दुपारी ती एका भल्यामोठ्या गृहस्थाच्या पँटचं माप घेत होती. गृहस्थांनी नेहमीप्रमाणे पोट आत ओढलं. वहिनी म्हणाली, "श्वास सोडा," आणि पुढचं वाक्य आलंच नाही. ती टेप धरून तशीच खाली बसली, उजव्या बाजूला हात दाबून, ओठ पांढरे. गृहस्थ घाबरून म्हणाले, "सोडला हो, सोडला!" मी धावले. तिचं अंग तापलं होतं आणि ती कुडकुडत होती. कळ उजव्या खांद्यापर्यंत चढली होती. मी वर हाक मारली. धाकटीची सुट्टी होती. ती जिना कसा उतरली मला माहीत नाही, पण तिने गाडी बोलावली, वहिनीच्या अंगावर हाताला लागलं ते टाकलं, आणि आम्ही निघालो. हाताला लागला तो हिरवा कोट होता. तो वहिनीच्या अंगावर नुसता पडून राहिला, पुढे मिटेना.

दवाखान्यात सर्जनबाईंनी बरगडीखाली बोटं टेकवली आणि म्हणाल्या, "आता खोल श्वास घ्या." आयुष्यभर लोकांना श्वास सोडायला लावणाऱ्या आमच्या वहिनीला श्वास घेता येईना. अर्ध्यातच तिचा श्वास तुटला आणि ती किंचाळली. सोनोग्राफी झाली. पित्ताशयाला सूज, आत खडे, त्यातला एक पिशवीच्या तोंडाशी अडकलेला. पिशवी काढावी लागणार होती.

मग भूल देणारे डॉक्टर आले. भला माणूस, घाई नव्हती त्याला. त्यांनी विचारलं, "कुठली औषधं चालू आहेत? वजन कमी करायचं इंजेक्शन वगैरे?"

वहिनीने त्यांच्याकडे पाहिलं नाही. तिने पलंगाच्या पायाशी उभ्या असलेल्या धाकटीकडे पाहिलं. आणि त्या तसल्या कळेत, घामाने डबडबलेली, तिने मान ताठ केली. "नाही."

"हे नीट सांगा. त्या औषधाने पोट उशिरा रिकामं होतं. भूल दिल्यावर पोटातलं वर आलं आणि फुप्फुसात गेलं तर जिवावर बेतेल. आम्हाला आधी माहीत असलं की काळजी घेता येते."

"नाही म्हटलं ना."

डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहायला पेन टेकवलं. आणि मला फ्रिजमधला बटणांचा डबा आठवला; धाकटीही आपलं इंजेक्शन फ्रिजमध्येच ठेवायची. मुंग्या आठवल्या, भाताचं ताट आठवलं, त्या पडद्यामागची पुटपुट आठवली. माझ्या डोक्यात एकदम सगळं शिवलं गेलं. मला राग आला, इतका की धाकटी आहे, डॉक्टर आहेत, कशाचं भान राहिलं नाही. मी पुढे होऊन तिचा हात धरला आणि म्हटलं, "वहिनी, श्वास सोड. टेपशी खोटं बोलून काय मिळणार?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मीही बघत राहिले, तिच्याकडूनच शिकलेय. तिच्या गळ्यात टेप अजून तसाच होता. नर्सला तो काढायचं सुचलं नव्हतं.

"घेते," ती म्हणाली. इतक्या हळू की डॉक्टरांना वाकावं लागलं. "आठवड्याचं. परवाच घेतलंय. डोसही वाढवलाय, न विचारता. आणि खडे होते हे मला माहीत होतं. तिथे मी नाही म्हणून सांगितलं." मग डोळे मिटून, "हिच्यासारखं व्हायचं होतं. हिच्यापेक्षा बारीक."

 मग धाकटी बोलली. इतकी वर्षं मोठीला अहो-जाहो करणारी आमची धाकटी.

"मला विचारायचं तरी! मी सांगितलं असतं ना, माझ्या डॉक्टरांनी काय काय विचारलं ते!"

"तुला विचारायचं? त्यापेक्षा मेले असते."

"मेलीच असतीस!" धाकटी ओरडली आणि रडायला लागली. "मूर्ख बाई! मेलीच असतीस!"

भूलवाल्या डॉक्टरांनी शांतपणे सगळं लिहून घेतलं, औषधाचं नाव, डोस, दिवस. मग म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. आता थांबू, पोट रिकामं आहे याची खात्री करून घेऊ, तोवर सलाईनमधून औषध चालू ठेवू." पिशवी दुसऱ्या दिवशी काढली. काही विपरीत झालं नाही. काय होऊ शकलं असतं, ते डॉक्टरांनी मला जिन्यात सांगितलं. ते मी मोठ्या भावालाही सांगितलेलं नाही.

घरी सोडताना सर्जनबाई म्हणाल्या, "इंजेक्शन पुढे घ्यायचं की नाही ते आपण नंतर ठरवू. पिशवी गेली म्हणजे सगळं माफ असंही नाही, नळीत खडा होऊ शकतो. पण इथून पुढे कुठल्याही डॉक्टरने विचारलं की सगळं सांगायचं." वहिनी गरीब गायीसारखी हो म्हणाली. गाडीत बसल्याबसल्या मात्र तिने धाकटीला विचारलं, "तुझ्या पोटावर टाके किती मोठे आहेत गं?" धाकटीचं ऑपरेशन जुनं, चीर लांबलचक. मोठीला नुसती चार भोकं. "माझी शिलाई जास्त बारीक आहे," ती म्हणाली आणि घर येईपर्यंत खूष होती. जिवावरचं टळलं तरी माणूस बदलतो असं कोणी समजू नये.

पुन्हा दुकान सुरू झालं तेव्हा धाकटी एका सकाळी कोट घेऊन खाली आली. "ताई, हा होता तसा करून द्या. आपल्या दोघींचा."

वहिनीने कोट टेबलावर पसरला, पण अस्तर उलटून पाहिलं नाही. "होणार नाही," ती म्हणाली. "आतलं मार्जिन मी कापून टाकलंय."

"चुकून?"

मी सुई थांबवली. वहिनीने आपली मान ताठ करायला घेतली, आणि मग तशीच खाली सोडली. "नाही. मुद्दाम. तू तो कधी सैल करून मागू नयेस म्हणून."

धाकटी कॉलरवरून हात फिरवत राहिली. "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. हात वर केला की काखेत रुततो. तुमच्या हातचा कपडा कधी रुतत नाही." मग म्हणाली, "मला वाटलं, विचारलं तर तुम्ही खरं सांगायच्या नाहीत. म्हणून विचारलं नाही."

"नसतंच सांगितलं."

"मग आता नवा शिवा."

"दोघींत एक कसा शिवू? तू ही अशी, मी ही अशी."

"दोन शिवा. एकाच कापडाचे. मापं तर घ्याल?"

वहिनीने तिचं माप घेतलं. धाकटीने, इतकी बारीक झालेली असूनही, पोट आत ओढलं. "सोड," वहिनी म्हणाली. धाकटीने सोडलं. वहिनीने आकडा मोठ्याने सांगितला आणि मी पुठ्ठ्यावर लिहिला. त्या आकड्यावर वहिनीचा आवाज जरा चिरकला. जळणं असं थोडंच जातं!

मग ती पडद्याकडे निघाली, तिथपर्यंत गेली आणि परत आली. गळ्यातला टेप काढून तिने माझ्या हातात दिला. पुठ्ठा आणि पेन्सिल माझ्याकडून घेऊन धाकटीला दिली. दुकानात एक गिऱ्हाईक बसलं होतं, त्याच्याकडे तिने पाहिलंही नाही. हात बाजूला करून ती माझ्यासमोर उभी राहिली. मी टेप कंबरेभोवती घेतला आणि तिने पोट आत ओढलं.

मी थांबले. तिच्या तोंडाकडे बघत राहिले. ती लाल व्हायला लागली. ती धाकटीकडे बघत होती.

मग तिने श्वास सोडला. मी आकडा वाचला, मोठ्याने, आणि धाकटीने तो लिहून घेतला.